कोळंबीचं टरफल, गवारीचा डिंक आणि आपलं सांडपाणी

पाण्याचे प्रश्न : वाचकांची पत्रं आणि त्यांना उत्तरं

गेल्या अंकात सांडपाणी निवळवणाऱ्या नैसर्गिक पॉलिमरांबद्दल, म्हणजे लांब साखळीसारख्या रेणूंबद्दल, मी जाता जाता चार ओळी लिहिल्या होत्या. कोळंबीच्या टरफलातून मिळणारं कायटोसान, गवारीच्या बियांचा डिंक, चिंचोक्याचं पीठ, साधं स्टार्च. तेवढ्यावर इतकी पत्रं आली, की या वेळचं सगळं सदर त्यांनाच देते आहे.

उत्तरांआधी थोडं घरचं सांगते. माझे बाबा लालबागच्या एका गिरणीत सायझिंग खात्यात होते. ताण्याचं सूत मागावर तुटू नये म्हणून त्याला आधी खळ लावतात, ते त्यांचं काम. खळ स्टार्चची, कधी चिंचोक्याच्या पिठाची. बाबा घरी आले की सदऱ्याला शिळ्या कांजीचा आंबूस वास यायचा आणि आई तो सदरा वेगळ्या बादलीत भिजवायची. १९८२ च्या संपात ती गिरणी गेली. पुढे १९८९ साली मी सांडपाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत लागले, तेव्हा बाबांच्या कांजीचं पुढे काय होत असे ते कळलं. कापड विणून झालं की खळ धुऊन काढतात, आणि कापड कारखान्याच्या सांडपाण्यातल्या सेंद्रिय घाणीत मोठा वाटा तिचाच असतो. नाल्यात गेलेलं स्टार्च जिवाणू खातात, खाता खाता पाण्यातला ऑक्सिजन संपवतात, मग पाणी काळं पडतं आणि कुजका वास सुटतो. स्टार्च, डिंक, टरफलातलं कायटिन या सगळ्या बहुशर्करा, म्हणजे साखरेचे मणी ओवलेल्या लांबच लांब माळा. माझी त्यांच्याशी पहिली ओळख घाण म्हणून झाली. त्याच माळा पाणी साफही करतात, हे मी नंतर शिकले. आजची उत्तरं वाचताना हे दोन्ही लक्षात असू द्या.

आम्ही वर्सोव्याच्या कोळीवाड्यातल्या चार बायका मिळून कोलंबी सोलून देतो. रोज टोपलीभर टरफल कचऱ्यात जातं. दुपारपर्यंत वास सुटतो नि शेजारी बोलतात. भाचा म्हणतो, यातून पाणी साफ करायची पावडर बनते आणि ती महाग विकली जाते. घरी करता येईल का?
— एक वाचक भगिनी, वर्सोवा

ताई, भाचा खरं सांगतो आहे. पण घरी करू नका. का, ते सविस्तर सांगते.

आधी एक गंमत करून बघा, ती मात्र घरी करण्यासारखी आहे. एक टरफल स्वच्छ धुवा, वाटीत ठेवा आणि बुडेल इतकं पांढरं व्हिनेगर ओता. लगेच बारीक बुडबुडे येतील. टरफलात चुना असतो, तो आम्लात विरघळताना वायू सोडतो. रात्रभर राहू द्या. सकाळी बोटांत धरलंत तर टरफलाचा कडकपणा गेलेला असेल, ओल्या पातळ कागदासारखं ते लवेल आणि त्यातून उजेड दिसेल. हातात उरलं ते कायटिन आणि त्याला बिलगलेलं प्रथिन. सुक्या टरफलात साधारण पाव भाग कायटिन धरा, कोळंबीच्या जातीप्रमाणे थोडं कमीजास्त.

कारखान्यातही सुरुवात अशीच होते, फक्त व्हिनेगरऐवजी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल वापरतात. मग सौम्य कॉस्टिक सोड्यात प्रथिन काढतात. इथवर कायटिन हाती येतं, पण ते पाण्यात विरघळत नाही, सौम्य आम्लातही नाही. त्याचं कायटोसान करायला चाळीस ते पन्नास टक्के कॉस्टिक सोड्यात ते तासन्‌तास तापवावं लागतं. इथेच माझा नकार आहे. आमच्या प्रयोगशाळेत एका सहकारी बाईंच्या मनगटावर असल्या गरम कॉस्टिकचा एक थेंब उडाला होता. लगेच नळाखाली हात धरला, तरी वाटाण्याएवढा डाग कायमचा राहिला. तोच डोळ्यात गेला असता तर? दहा बाय दहाच्या खोलीत, जिथे पोरं खेळतात, तिथे हे भांडं चुलीवर नको.

आणि दुसरं असं, की या तिन्ही पायऱ्यांचं धुवण गटारात सोडण्याजोगं नसतं. आम्लाचं, कॉस्टिकचं, प्रथिनाचं. त्यावर प्रक्रिया करण्याची सोय नसेल तर पाणी साफ करणारी पावडर बनवताना आपण पाणीच नासवू.

पावडर काम कशी करते हे विचारलं नाहीत, पण तुम्हाला ते माझ्यापेक्षा लवकर कळेल. लांब दोरीला ठिकठिकाणी गळ बांधून समुद्रात सोडतात ना, कायटोसानची माळ तशी असते. सौम्य आम्लात विरघळली की तिच्या मण्यामण्यावर धन विद्युतभार येतो. घाण पाण्यातले बारीक कण बहुतेक ऋण भाराचे असतात. सगळ्यांचा भार सारखा, म्हणून ते एकमेकांना दूर लोटतात आणि दिवसेंदिवस तरंगत राहतात. माळ आली की कण तिच्या गळांना लागतात, एकाच माळेला शेकडो कण, आणि जड झालेला पुंजका खाली बसतो. तांब्यासारखे काही जड धातूही हीच माळ धरून ठेवते. गिरणीच्या रंगांपैकी बरेचसे ऋण भाराचे, म्हणून तेही सापडतात.

तुमच्या हातात आज काय आहे? ताजं, स्वच्छ टरफल. कारखान्याला हवं असतं तेच, आणि तेच मिळणं कठीण असतं. डोकी वेगळी ठेवा, कारण ती सगळ्यांत आधी सडतात. टरफल गोड्या पाण्यात धुऊन लगेच पसरून कडक वाळवा, पावसाळ्यात बर्फावर ठेवा. वास सुटलेल्या ढिगाला कोणी भाव देत नाही. कायटिन आणि कायटोसान बनवण्याच्या तंत्रावर कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेनं बरीच वर्षं काम केलं आहे. आणि तुमच्या तर घराजवळच, यारी रोडला, केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. भाच्याला घेऊन जा आणि नेमकं विचारा, सुकं टरफल कोण उचलतं, आठवड्याला किमान किती लागतं, ओलावा किती चालतो. एका घराचं टरफल कोणी न्यायला येणार नाही, गल्लीतल्या दहा घरांचं येईल. ठरेपर्यंत निदान खड्ड्यात मातीआड पुरा, वास थांबेल आणि झाडांना खतही होईल.

मुलुंडमधल्या आमच्या संकुलाचा स्वतःचा सांडपाणी प्रकल्प आहे. शुद्ध केलेलं पाणी फ्लशला आणि बागेला वापरतो. एका विक्रेत्यानं 'शंभर टक्के वनस्पतीजन्य' पावडर दाखवली. म्हणाला, तुरटी आणि पॉलिमर दोन्ही बंद करा, वास जाईल, गाळ निम्मा होईल. कमिटीत दोन तट पडले आहेत. काय करावं?
— सोसायटीचे सचिव, मुलुंड

सचिव महोदय, कमिटीत मतदान घेऊ नका. सहा बरण्या घ्या.

त्याआधी विक्रेत्याला दोन गोष्टी विचारा. पावडर कशाची आहे, हे पहिलं. गवारीचा डिंक, चिंचोका, स्टार्च यांच्या साध्या माळांवर जवळजवळ भार नसतो. त्या कणांमध्ये पूल बांधतात, पण कणांचा भार मोडत नाहीत. म्हणून साधा गवार डिंक तुरटीच्या जोडीला उत्तम, तुरटीच्या जागी लंगडा. तुरटी बंदच करायची असेल तर धन भार चढवलेलं स्टार्च किंवा गवार हवी, आणि तसं असेल तर त्यानं ते स्पष्ट सांगावं.

दुसरं, त्यात ॲक्रिलामाइड या कृत्रिम रसायनाची कलमं आहेत का? झाडाला करतो तशी कलमं या माळांवरही करतात. गवारीच्या किंवा स्टार्चच्या खोडावर पॉलिॲक्रिलामाइडच्या, म्हणजे ॲक्रिलामाइडचे मणी ओवलेल्या माळांच्या, फांद्या. अशी पावडर कमी मात्रेत जास्त काम करते आणि लवकर सडतही नाही, तेव्हा तिला वाईट म्हणणार नाही. पण मग ती 'शंभर टक्के वनस्पतीजन्य' राहत नाही. पॉलिॲक्रिलामाइड स्वतः फारसं विषारी नाही, प्रश्न त्यात न जोडलेल्या, सुट्या राहिलेल्या ॲक्रिलामाइडचा असतो. ते मज्जातंतूंना घातक आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला अर्धा मायक्रोग्रॅम इतकी खाली ठेवली आहे. तुम्ही पाणी पिणार नाही, पण बागेत मुलं खेळतात. सुट्या ॲक्रिलामाइडचा तपासणी अहवाल मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

आता बरण्या. आम्ही याला जार टेस्ट म्हणतो. ही आयुष्यात मी हजारो वेळा केली असेल आणि अजूनही पाणी निवळायला लागलं की मी खुर्चीवरून उठून जवळ जाते. एक लिटर पाण्यात एक ग्रॅम पावडर भिजवा. ती एकदम ओतलीत तर पिठल्यात बेसन टाकल्यासारख्या गुठळ्या होतील, आणि त्या गुठळ्यांच्या पोटातली पावडर कोरडीच राहील. पाणी जोरात ढवळत, चिमटीनं भुरभुरत टाका. तासभर फुगू द्या. आता या द्रावाचा एक मिलिलिटर म्हणजे एक मिलिग्रॅम पावडर, हिशेब सोपा. ज्या टाकीत पावडर टाकणार तिथलंच पाणी सहा बरण्यांत एकेक लिटर घ्या. पहिलीत काही नाही, पुढच्या पाचांत २, ४, ६, ८ आणि १० मिलिलिटर. मिनिटभर जोरात ढवळा, मग पंधरा-वीस मिनिटं अगदी संथ, भातुकलीत चहा ढवळावा तसं. मग अर्धा तास हात लावू नका. वरचं पाणी किती नितळ, साका किती आणि तो घट्ट आहे की हलवल्यावर पुन्हा वर येतो, हे लिहून ठेवा. सध्या वापरता त्या रसायनाच्या पाच बरण्या शेजारी लावा. हे एकदा सकाळी आठला करा आणि एकदा दुपारी तीनला, कारण सोसायटीचं पाणी दिवसभर एकसारखं नसतं.

मोठ्या मात्रेची बरणी वगळू नका. याची किंमत मी मोजली आहे. १९९४ च्या पावसाळ्यात अंधेरी पूर्वेला एका लहान रंगाई कारखान्यात आम्ही कायटोसान लावून बघत होतो. लाल रंगाचं पाणी होतं. आधी काहीच दिसलं नाही. मग बरणीच्या कडेला कुंकवाच्या कणांएवढे ठिपके दिसू लागले, ते एकमेकांना धरत साबुदाण्याएवढे झाले, आणि ढवळणं थांबवताच सगळे मिळून संथपणे खाली उतरले. वर पाणी फिकट गुलाबी, आरपार दिसणारं. टाकीतही तसंच घडलं. मालक खूश झाले आणि म्हणाले, अजून थोडं टाका, उरलेला गुलाबीपणाही जाऊ दे. मी जार टेस्ट न करता मात्रा दुप्पट करायला सांगितली. पुढची टाकी भरली ती निवळलीच नाही. चार तास थांबलो, पाणी गढूळ लालच. जास्तीच्या कायटोसाननं प्रत्येक कणाला इतकं लपेटलं, की सगळेच धन भाराचे झाले आणि पुन्हा एकमेकांना लोटू लागले. त्या कामगारांनी ती टाकी रात्री उशिरापर्यंत तुरटी आणि चुन्यानं सांभाळली. चूक माझी होती, आणि जागरण त्यांना झालं. तेव्हापासून 'थोडं जास्त' हा शब्द मी कुठल्याच टाकीवर चालू देत नाही.

शिवाय जास्तीची नैसर्गिक पावडर पाण्यात उरली, तर ती बाबांच्या कांजीसारखीच जिवाणूंचं अन्न होते. तुम्ही घाण काढायला टाकलेलं घाणीत मोजलं जातं. याच कारणानं तिचा भिजवलेला द्रावही टिकत नाही. मुंबईच्या उकाड्यात दुसऱ्या दिवशी तो आंबतो, पातळ होतो, काम करत नाही. तुमचा प्रकल्प चालवणारा माणूस रोज सकाळी ताजा द्राव करणार आहे का? नसेल तर ही पावडर घेऊ नका, कितीही चांगली असली तरी.

विक्रेत्याच्या बाकी दाव्यांबद्दल. वास जाणार नाही. तुमच्याकडचा वास बहुधा हवा कमी पडल्यामुळे येतो, तेव्हा टाकीत हवा सोडणारा ब्लोअर तपासा. गाळ निम्मा होईल, यात तथ्य असू शकतं, पण तुम्ही तुरटी भरपूर वापरत असाल तरच. तुरटीतलं ॲल्युमिनियम स्वतःच जेलीसारखा गाळ बनून बसतं, ते वाचेल. अमोनिया, क्षार, साबणाचे विरघळलेले अंश या माळांना सापडत नाहीत, त्यांचं काम जिवाणूंच्या टाकीतच व्हायला हवं. गाळातलं पाणी पिळून काढण्यासाठी मात्र धन भाराचं स्टार्च जरूर वापरून पाहा. मला विचाराल तर सोसायट्यांनी सुरुवात तिथूनच करावी, कारण तिथे चूक झाली तर फक्त गाळ ओला राहतो, फ्लशचं पाणी बिघडत नाही.

आणि गाळ कुठे जातो ते स्वतः बघा. एका कारखान्यात आम्ही महिनाभर पाणी सुंदर निवळवलं. मग एका पहाटे मी लवकर पोचले, तर तोच वाळवलेला गाळ पाठीमागच्या नाल्यात फावड्यानं ओढला जात होता. पहिल्या सरीबरोबर सगळा रंग पुन्हा पाण्यात. मी त्या दिवशी रडले होते, हे सांगायला मला संकोच वाटत नाही. पॉलिमर घाण नाहीशी करत नाही, एका जागी आणून देतं. पुढची जागा तुमच्या कमिटीनं ठरवायची आहे, आणि कंत्राटात लिहून घ्यायची आहे.

मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी कायटोसान विकत आणलं, पण ते पाण्यात विरघळतच नाही. मिठी नदीच्या पाण्यात तसंच टाकलं तर नुसतं तळाशी बसलं. माझं काय चुकलं?
— एक विद्यार्थी, घाटकोपर

बाळा, कायटोसान साध्या पाण्यात विरघळत नाही. एक टक्का ॲसेटिक आम्लात एक टक्का कायटोसान घाल, अधूनमधून ढवळत रात्रभर ठेव. दाटसर, नितळ द्राव होईल. ज्या पाण्यात टाकणार त्याचा सामू आधी मोज. साधारण साडेसहाच्या वर कायटोसानचा भार उतरू लागतो.

आणि एक बरणी अशी ठेव, जिच्यात कायटोसान नाही, फक्त तेवढंच आम्ल आहे. नाहीतर आम्लानं काय केलं आणि कायटोसाननं काय केलं, हे परीक्षकांनी विचारलं तर तुझ्याकडे उत्तर नसेल.

नमुना कुठून घेतलास ते लिहिलं नाहीस. मिठी विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यातून निघून माहीमच्या खाडीला मिळते, आणि खालच्या भागात भरती आत शिरते. खाऱ्या पाण्यात मिठाचे आयन माळेच्या भाराला झाकून टाकतात, मग तोच प्रयोग वेगळाच निकाल देतो. नमुन्यावर भरती-ओहोटीची वेळ लिही. जमलं तर पवईच्या बाजूचा एक आणि माहीमकडचा एक असे दोन नमुने घे, या फरकावरच चांगला प्रकल्प उभा राहील. हातमोजे घाल, आणि पायाला जखम असेल तर काठाच्या चिखलात उतरू नकोस. मुंबईत लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) ताप येतो.

आमच्या गावी, संगमेश्वरला, आजी पावसाळ्यात माठाच्या आतून निवळीचं बी उगाळायची. पाणी तासाभरात नितळ व्हायचं. हल्ली आमच्या इमारतीत पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी येतं. तसं करावं का?
— एक ज्येष्ठ वाचक, दादर

आजोबा, तुमच्या आजीचं शास्त्र पक्कं होतं. सुश्रुतसंहितेत पाणी निवळवणाऱ्या द्रव्यांत 'कतक' आहे, तीच ही निवळी. तिच्या बियांतल्या बहुशर्करा आणि प्रथिनं मिळून मातीचे कण गोळा करतात. शेवग्याचं बीही पाणी निवळवतं, मात्र तिथे काम मुख्यतः प्रथिनाचं.

पण गावच्या ओढ्याचं गढूळपण आणि दादरच्या नळाचं गढूळपण एक नव्हे. तिथे पावसानं माती यायची. इथे पाणी भांडुपला गाळून, क्लोरीन घालून निघतं. ते नळाला गढूळ आलं, तर वाटेत पाइप फुटून शेजारच्या गटाराचं पाणी शिरलं असण्याची शक्यता धरावी लागते, किंवा इमारतीची टाकी खराब असेल. अशा पाण्यात निवळी उगाळलीत तर ते दिसायला नितळ होईल, रोगजंतू त्यात राहतीलच, आणि धोक्याची जी एकच खूण डोळ्यांना दिसत होती तीही पुसली जाईल. म्हणून पाणी गढूळ आलं त्या दिवशी ते प्यायला घेऊ नका. वॉर्ड ऑफिसात तक्रार नोंदवा, नमुना तपासायला सांगा, आणि टाकी उघडून बघायला लावा. नितळ पाणी आल्यावरही काही दिवस खळखळून उकळूनच प्या.

गावी गेलात आणि नातवंडांना दाखवायला बी उगाळायचं झालं, तर एक सांभाळा. निवळी आणि काजरा एकाच कुळातले, आणि काजऱ्याचं बी जहाल विषारी असतं. निवळीचं बी गोलसर, फुगीर, मोठ्या गुंडीसारखं असतं. काजऱ्याचं चपटं, नाण्यासारखं, वर रेशमी लव असलेलं. बाजारातून सुटं आणलेलं बी ओळखीच्या वैद्याला दाखवल्याशिवाय माठाला लावू नका.